मुकादम आणि खरजाची तार

मुकादम पहिल्यांदा बोलला तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि तो जे बोलला ते साफ चुकीचं होतं, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणतात, दस्तगीरच्या कानात कुणी पीर बोलत होता. पीर-बीर काही नव्हता. पीर माणसाला उठताबसता शिव्या घालत नाही. कामावरचा मुकादम घालतो, म्हणून मी त्याला ते नाव ठेवलं.

"जास्त घासलीस, गाढवा," असं तो म्हणाला. मी वळून बघितलं. मिरजेतलं आमचं दुकान, सकाळचे अकरा वाजलेले, भिंतीला टांगलेले तंबोरे, कोपऱ्यात वाळत ठेवलेले भोपळे. माणूस एकही नव्हता. मी हातातली घोडी उजेडात धरून तपासली. अजिबात जास्त घासली नव्हती.

घोडी म्हणजे काय ते सांगतो, कारण त्याशिवाय माझी गोष्ट कळणार नाही. तंबोऱ्याच्या चारही तारा ज्या हाडाच्या रुंद पट्टीवरून जातात ती घोडी. वरून ती सपाट दिसते, पण नसते. कानशीनं घासून तिला इतका हलका उतार द्यायचा, की छेडलेली तार तिला शिवत शिवत थरथरली पाहिजे. तो उतार जमला की एका तारेतून दहा सूर ऐकू येतात. तिला आम्ही जवारी म्हणतो. कमी घासलं तर आवाज बंद राहतो, दारावर टकटक केल्यासारखा. जास्त घासलं तर नुसती भणभण. मग तारेखाली एक सुती दोरा सरकवायचा आणि केसाएवढा पुढंमागं करून नेमकी जागा शोधायची. याला मोजपट्टी नाही. कान हेच माप, आणि माझा कान चांगला होता. हे मी नाही, अब्बा म्हणायचे, आणि अब्बा कुणाला उगाच चांगलं म्हणत नसत.

अब्बांचा दुकानात एक कायदा होता. घोडीवर हात असताना जवारीवाल्याशी कुणी बोलायचं नाही, आणि तो स्वतःशी पुटपुटला तर तिकडं लक्ष द्यायचं नाही. अब्बा स्वतः तारांशी बोलायचे. "ये की, सूट आता, लाजतेस कशाला," असं तासन् तास चालायचं. त्यामुळं मी पुटपुटायला लागलो तेव्हा घरात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. उलट माझा थोरला भाऊ मौलाभाई गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचा, "धाकटा थेट अब्बांवर गेलाय. तारांशी बोलतो." अहो, मी कुठला तारांशी बोलतोय, मी मुकादमाशी भांडत होतो. तीन वर्षं भांडलो, आणि आमच्या घरानं ती तीन वर्षं कारागिरी म्हणून मिरवली.

अब्बा गेले त्याच्या पुढच्या वर्षी मुकादमानं मला सांगितलं, की अब्बांच्या तंबोऱ्याच्या भोपळ्यात कुणीतरी यंत्र बसवलंय आणि आपलं सगळं बोलणं बाहेर ऐकलं जातंय. तोवर मला पटलंच होतं. समोरच्या चहावाल्यानं कप उलटा ठेवला तर तो मला इशारा वाटायचा, रिक्षाचा नंबर मला उद्देशून लिहिलेला वाटायचा. मी करवत घेतली आणि अब्बांचा चाळीस वर्षांचा तंबोरा कापला. मौलाभाई दुकान उघडायला आला तेव्हा मी भोपळ्याच्या तुकड्यांत बसून यंत्र शोधत होतो. त्यानं हातातलं कुलूप बाजूला ठेवलं. खाली बसला आणि तुकडे गोळा करायला लागला. तो रडत होता आणि मला वाटलं, हाही त्यांच्यात सामील आहे.

दवाखान्यात आजाराचं नाव कळलं, स्किझोफ्रेनिया. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांना मी नावं ठेवणार नाही, त्यांनी मला परत माणसांत आणलं. चहावाल्याचा कप परत नुसता कप झाला. मुकादम लांब गेला, भिंतीपलीकडून बोलल्यासारखा. पण हात थरथरायला लागले आणि बोटं आखडायला लागली. थरथरत्या हातानं कानस धरली तर घोडीचा सत्यानाश.

मग मी एक शहाणपणा केला, जो फक्त जवारीवालाच करू शकेल. मी गोळी कानशीनं घासायला लागलो. दर आठवड्याला केसाएवढी जास्त. पावडर फुंकून टाकायची आणि उरलेली गोळी भाभीसमोर इमानदारीत गिळायची. मला वाटलं, उतारच द्यायचाय, तो मला येतो. चार महिन्यांत गोळी डाळीएवढी झाली आणि मुकादम भिंत फोडून आत आला. त्या वेळी दोन महिने दवाखान्यात काढले. बाहेर आलो तेव्हा मौलाभाईनं माझ्या सगळ्या कानशी कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं.

त्यानंतर सहा वर्षं मी दुकानात तंबोरे पुसले. मौलाभाईनं घोड्या कापायचं लेझर यंत्र आणलं. ते मिनिटात घोडी कापतं आणि खरं सांगायचं तर वाईट कापत नाही. शंभरातली नव्वद गिऱ्हाइकं त्यावर खूश असतात. उरलेली दहा तंबोरा छेडतात, थोडं थांबतात आणि "विचार करून सांगतो" म्हणून जातात. ती परत येत नाहीत. मौलाभाईला हे कळायचं, पण तो बोलायचा नाही.

गेल्या वर्षी डॉक्टर हिरेमठ बाईंनी मला बोलावलं. बाई पन्नाशीच्या आहेत, बोलतात कमी, आणि समोरचा बोलत असताना घड्याळाकडं बघत नाहीत. त्यांच्या टेबलावर कातडी पट्ट्यासारखं काहीतरी होतं, गळ्यात घालायचं.

"दस्तगीर, तुमचा मुकादम कुणाच्या आवाजात बोलतो?" त्यांनी विचारलं.

"त्याच्या स्वतःच्या," मी म्हटलं.

"आणि तो बोलतो तेव्हा तुमचा गळा काय करतो?"

हा काय प्रश्न झाला? पण त्यांनी पट्टा माझ्या गळ्यात बांधला आणि पडदा माझ्याकडं वळवला. पडद्यावर एक सरळ रेघ होती. आम्ही गप्प बसलो. थोड्या वेळानं मुकादम म्हणाला, "बसला बघा गळ्यात पट्टा घालून, कुत्रा." तो बोलायच्या किंचित आधी पडद्यावरची रेघ थरथरली.

बाईंनी सगळं नीट समजावलं. माणूस बोलतो तेव्हा मेंदूचा बोलणारा भाग ऐकणाऱ्या भागाला आधी वर्दी देतो, की आता जे येतंय ते आपलंच आहे. म्हणून आपल्याच आवाजानं आपण दचकत नाही. मनातल्या मनात बोलतानाही ही वर्दी जाते. माझ्यासारख्यांच्या मेंदूत ती वाटेत हरवते. बोलणं आपलंच, पण वर्दी नाही, मग ऐकणारा भाग म्हणतो, हा परका कोण? मनातल्या बोलण्याच्या वेळी गळ्याचे स्नायू डोळ्याला दिसणार नाहीत इतके हलतात. पट्टा ती हालचाल पकडतो आणि गळ्याखालच्या हाडावर हळूच एक टिचकी देतो. हरवलेली वर्दी बाहेरून पोचवायची, एवढंच त्याचं काम.

"म्हणजे मुकादम मीच?" मी विचारलं.

"तुमचा आवाज आहे. माणूस वेगळा नाही," बाई म्हणाल्या.

मला फार राग आला. अकरा वर्षं ज्यानं मला गाढव म्हटलं, तो मी? मी तसाच उठून घरी आलो. दोन दिवस गेले, आणि मग मला हसू यायला लागलं. भाभी म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "अकरा वर्षं मी स्वतःशीच भांडत होतो आणि हरत होतो." ती बिचारी घाबरून मौलाभाईला बोलवायला गेली.

पट्ट्याबरोबर दंडात कातडीखाली एक कुपी बसवली, बोराच्या बीएवढी. औषध तेच जुनं, पण कुपी ते थेंबाथेंबानं सोडते आणि रक्तात किती आहे ते मोजते. पट्टा मुकादम किती वेळा बोलला ते मोजतो. आकडा वाढला की कुपी औषध वाढवते. आणि हा आकडा माझ्या संमतीनं मौलाभाईच्या फोनवर जायचा, एकेक वाढेल तसा.

पहिल्या दिवशी आकडा होता एकशे बारा. मौलाभाईनं तो वाचला आणि जेवणावरून उठला. मी दिवसातून इतक्या वेळा शिव्या खातो हे त्याला आत्ता कळत होतं. महिन्यात आकडा चाळीसवर आला, मग बारावर. आणि शबे-बरातच्या आदल्या दिवशी फोनवर शून्य आलं.

त्या दिवशी भाभीनं खीर केली. मौलाभाईनं शेजारच्या चार दुकानांत पेढे वाटले आणि विचारणाऱ्याला सांगितलं, "आमच्याकडं शून्य झालंय." लोकांना वाटलं कर्ज फिटलं. पुढं रोज शून्यच. रोज जेवताना मौलाभाई फोन उघडायचा, बघायचा आणि मगच घास तोंडात घालायचा.

मी मात्र खाली बुडत चाललो होतो. दुःखी नव्हतो, तेवढंही नव्हतो. हात परत जड झाले होते. एक दिवस दुपारी मी भिंतीवरचा तंबोरा काढला. अब्बांनी स्वतः जवारी काढलेला, दुकानातला शेवटचा. मी चारी तारा छेडल्या. टक, टक, टक, टक. मला वाटलं घोडी सरकली असेल. घोडी जागेवर होती. तंबोरा गात होता आणि मला ऐकू येत नव्हतं.

मी मौलाभाईला सांगितलं, "औषध जास्त होतंय. कमी करायला सांगणार आहे."

तो लेझर यंत्र पुसत होता. त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "पुन्हा गोळी घासणार?"

"घासणार नाही. विचारणार आहे."

"शून्य आहे, दस्तगीर. शून्य. अजून काय पाहिजे तुला?"

"जवारी पाहिजे."

"यंत्र आहे की जवारीला," तो म्हणाला. मग त्याचा आवाज चढला, जो कधी चढत नाही. "मी अब्बांचे तुकडे वेचलेत या हातानं. तुला आठवत तरी असेल का? मला माझा भाऊ पाहिजे, तंबोरा गेला चुलीत."

त्याचं चुकत नव्हतं, आणि म्हणून मला आणखी चीड आली. मी म्हटलं, "हा जो तुझ्यासमोर उभा आहे, त्याला तंबोरा ऐकू येत नाही. हा तुझा भाऊ आहे का?" त्यानं फडकं उचललं आणि परत यंत्र पुसायला लागला. पण दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर हिरेमठ बाईंकडं आला, कपाटाची किल्ली खिशात घेऊन.

बाईंनी कागदावर खुर्च्या काढल्या. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन आहे, ते सांगतं, इकडं बघ, हे महत्त्वाचं आहे. निरोप द्यायला ते पेशींवरच्या खुर्च्यांवर जाऊन बसतं. माझ्या आजारात ते जास्त होतं, मग उलटा कप महत्त्वाचा, रिक्षाचा नंबर महत्त्वाचा, सगळंच महत्त्वाचं. औषध काय करतं, त्यातल्या काही खुर्च्या आधीच जाऊन अडवतं. शंभरातल्या साधारण पासष्ट अडवल्या की बहुतेकांचे आवाज मऊ होतात. ऐंशीच्या वर गेलं की हात आखडतात आणि जगातला रस आटतो.

"म्हणजे जवारीच की," मी म्हटलं.

बाईंनी वर बघितलं.

"आजारात जवारी जास्त खुलते, नुसती भणभण. औषधानं ती बंद करता येते. पण पूर्ण बंद केली तर तंबोऱ्याला ठोकळा म्हणतात, बाई. तुमच्या यंत्राला बंदच बरी वाटते, कारण त्याला कान नाही. त्याला फक्त शून्य कळतं."

बाईंनी पडद्यावर कुपीची नोंद उघडली. "कुपी आत्ता ब्याऐंशीवर आहे," त्या म्हणाल्या. "शून्य गाठायचं असं आम्हीच तिला शिकवलंय. तुम्हाला त्याचा काय मोबदला द्यावा लागतो, ते शिकवलं नाही." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "थोडं उतरवून बघू. पण केसाकेसानं, आणि माझ्या हातानं."

"आणि पुन्हा तसं झालं तर?" मौलाभाईनं विचारलं.

"झोप बिघडली, संशय वाढला, तर लगेच वर. आकडा एकटा काही सांगत नाही."

"मला आकडाच कळतो, बाई," मौलाभाई म्हणाला. त्याच्या आवाजात लाज नव्हती. "दिवसाला दहा. दहा झाले की औषध वर आणि कानस कायमची बंद. कबूल असेल तर किल्ली देतो."

बाई काही बोलणार होत्या, पण मी हात पुढं केला. "कबूल."

निघताना बाईंनी मला एक नियम घालून दिला. मुकादम आता थोडा परत येईल. तो बोलला की टिचकी बसेल. "तो सांगेल ते मानायचं नाही आणि खोटंही धरायचं नाही. तपासायचं. तुमच्या धंद्यात कसं तपासतात?"

"दोरा लावून," मी म्हटलं.

"मग दोरा लावा," बाई म्हणाल्या.

पुढचे तीन महिने दर सोमवारी मी कानस आणि घोडी घेऊन दवाखान्यात गेलो. बाईंच्या खोलीत, वजनकाट्याशेजारी बसून मी जवारी काढायचो आणि बाई ऐकायच्या. ब्याऐंशी, एकोणऐंशी, शहात्तर. पहिल्यांदा हात सुटले. मग चहाची चव आली. बहात्तरला एका सोमवारी पंचमाची तार छेडली आणि तिच्यातून दुसरा सूर वर आला, लांब, पण आला. मी बाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "मला काही फरक कळला नाही, पण तुमचा चेहरा कळला." त्यांनी तो दिवस वहीत लिहून घेतला. पुढं त्यांच्या इतर पेशंटांनाही त्या विचारायला लागल्या, की तुमचा तंबोरा कोणता? एका बाईंचा भाकरीचा हात होता, एकाचं बुद्धिबळ. कुपीला आता तेही शिकवायला घेतलंय म्हणतात.

एकोणसत्तरवर थांबलो. झोप नीट होती, कप नुसता कप होता. मुकादम दिवसातून चारपाचदा यायचा. टिचकी, आणि मग, "हळू घास, मूर्खा." टिचकी आधी बसल्यावर त्याची निम्मी ऐट जाते. मौलाभाई जेवताना "पाच" असं म्हणायचा आणि घास खायचा, पण सावकाश.

अशात गौतमी बेहेरे आल्या. साठीच्या गायिका, उरुसातल्या जलशात गाणार होत्या. यंत्राच्या जवारीवर त्या पूर्वी "विचार करून सांगते" म्हणून गेलेल्या. या वेळी मौलाभाईनं त्यांना सांगितलं, "जवारी दस्तगीर काढेल." बाई म्हणाल्या, "कानस धरलीय का त्यानं परत?" मौलाभाई म्हणाला, "धरलीय." हे तो माझ्याकडं न बघता म्हणाला.

नवा तंबोरा, तुणीच्या लाकडाची दांडी, अडीच हात घेराचा भोपळा. मी आठ दिवस त्याच्यावर बसलो. पंचम लागला, जोडीच्या दोन्ही तारा लागल्या. राहिला खरज, सगळ्यात खालची जाड पितळी तार, जी खोटं सहन करत नाही. शुक्रवारी नमाजनंतर बेहेरेबाई न्यायला आल्या. त्या दिवशी आकडा सकाळपासूनच सात होता. कामाची धास्ती, दुसरं काय.

मी तंबोरा लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटून छेडला, पुन्हा छेडला. "सुंदर," त्या म्हणाल्या. मौलाभाईनं सुस्कारा सोडला आणि गवसणी उचलली.

टिचकी बसली. "बंद आहे," मुकादम म्हणाला.

आठ, असं मला मनात दिसलं. मौलाभाईच्या खिशात फोन थरथरला. त्यानं काढून बघितला आणि परत ठेवला.

टिचकी. "खरज बंद आहे. पुढची कड उंच आहे. आंधळा आहेस काय?"

नऊ. या वेळी मौलाभाईनं फोन खिशात ठेवला नाही. "दस्तगीर, झालंय काम," तो हळूच म्हणाला. "बाई खूश आहेत. देऊन टाक. घरी चल."

 पहिल्या दिवशी मुकादम साफ खोटं बोलला होता. भोपळ्यातल्या यंत्राबद्दल खोटं बोलला होता. अकरा वर्षांत त्यानं मला एक खरं वाक्य सांगितलं असेल तर शपथ. पण गळ्याखालची टिचकी मला आणखी एक गोष्ट सांगत होती, जी मी आजवर नीट ऐकली नव्हती. हे माझं आहे, असं ती सांगत होती. मुकादम जर मी असेन, तर त्याचे कान कुणाचे? अब्बांनी घडवलेले कान होते ते. त्यांना भोपळ्यातलं काय कळणार, पण खरज कळणार की. निदान कळू शकतं. आणि तपासायला दोरा होताच.

"बाई, पाच मिनिटं थांबाल का?" मी म्हटलं. "खरज मला पटत नाही."

"मला तर छान वाटला," बेहेरेबाई म्हणाल्या, पण तंबोरा त्यांनी परत दिला.

मौलाभाई माझ्याजवळ आला आणि कुजबुजला, "कोण म्हणतंय? तू का तो?"

"तो म्हणतोय," मी खरं सांगितलं. "म्हणून तर तपासायचं. तू तपास."

"मी?"

"तुलाही अब्बांनीच शिकवलंय. मी हात लावत नाही. दोरा तू सरकव, कान तू लाव. तू ठीक आहे म्हणालास तर तंबोरा जाईल आणि मी हिरेमठ बाईंना फोन करून औषध वाढवायला सांगेन. आजच."

 त्याच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात गवसणी. त्यानं फोन गल्ल्यावर ठेवला, मांडी घालून बसला आणि भोपळ्याला कान लावला. वीस वर्षांत मी त्याला असं बसलेलं बघितलं नव्हतं. मी खरज छेडत राहिलो. त्यानं दोरा मागं घेतला, पुढं घेतला. आणखी पुढं. दोरा घोडीच्या कडेपर्यंत गेला तेव्हा कुठं तार जराशी उघडली. घोडी नीट असती तर ती जागा मधे सापडली असती.

मौलाभाईनं कान उचलला. त्याच्या गालावर भोपळ्याचा वळ उठला होता.

"पुढची कड उंच आहे," तो म्हणाला. मी त्याला मुकादमाचं ते वाक्य सांगितलं नव्हतं.

त्यानं हात लांब करून कानस उचलली आणि मला दिली, मूठ माझ्याकडं करून, अब्बा द्यायचे तशी. "घास. बाई, बसा, चहा येतोय."

गल्ल्यावरचा फोन थरथरला. दहा. मौलाभाईला तो ऐकू आला, मलाही आला. त्यानं गल्ला उघडला, फोन आत टाकला आणि गल्ला लावून घेतला.

मी घासलं. तीन वेळा, चार वेळा, फुंकर. तार चढवली, दोरा मधे आणला आणि छेडली. दुकान भरून गेलं, अगदी भिंतीवरचे तंबोरे आपापल्या खुंटीवर बोलायला लागले. खरजातून पंचम निघाला, पाठोपाठ गंधार, आणि तो गंधार कुणी वाजवला नव्हता. चहा घेऊन आलेली भाभी दारातच थांबली. बेहेरेबाईंनी डोळे मिटले आणि तिथंच, गादीवर बसल्या बसल्या, षड्ज लावला. मला मेलेल्या माणसासारखं जगायला लावणारी सहा वर्षं त्या एका सुरात धुऊन निघाली, हे मी स्पष्टच सांगतो. मी रडलो आणि रडताना हात थरथरला नाही.

टिचकी बसली. मुकादम काहीतरी म्हणाला.

मौलाभाईनं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. अकरा वर्षांत मुकादम काय म्हणतो ते त्यानं मला कधी विचारलं नव्हतं, बघितला तो फक्त आकडा. त्या दिवशी तो सरकून माझ्याजवळ आला आणि पहिल्यांदा त्यानं विचारलं, "काय म्हणतोय?"

"म्हणतोय, जमलं."

मौलाभाईनं नाक ओढलं आणि बाहीनं डोळे पुसले.

"त्याला सांग," तो म्हणाला, "दोरा मौलानं लावलाय."